अमेरिकेत करिअर बदलून डॉक्टर व्हायचंय: मेडिकलच्या आधीचे विषय कुठल्या विद्यापीठातून करावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातून किंवा नागपुरातून बी.ई. झालं, अमेरिकेत एम.एस. केलं किंवा जोडीदाराच्या व्हिसावर इथे आलो, काही वर्षं सॉफ्टवेअरमध्ये किंवा बँकेत काढली आणि तिशीत पक्कं ठरलं की डॉक्टर व्हायचं. अशी माणसं आपल्यात बरीच आहेत. त्यांची पहिली अडचण अशी की या विषयावरची बहुतेक माहिती अमेरिकेतच पदवी घेतलेल्यांना समोर ठेवून लिहिलेली असते. भारतीय पदवी असेल तर हिशेब वेगळा होतो. म्हणून इथली उत्तरं त्या बाजूने दिली आहेत. विद्यापीठाचं नाव किती मोठं आहे हे सगळ्यात शेवटी पाहायचं. आधी क्रेडिट (प्रत्येक कोर्सचं ठरलेलं वजन, ज्यांची बेरीज करून पदवी मोजतात) आणि मग व्हिसा पाहायचा.

मेडिकल स्कूलसाठी आधी नेमके कोणते विषय लागतात?

एम.डी. आणि डी.ओ. (अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या दोन पदव्या) अशा दोन्ही प्रकारच्या बहुतेक मेडिकल स्कूलना साधारण हे विषय हवे असतात: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी एक वर्ष आणि लॅबसकट. त्यानंतर एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स आणि स्टॅटिस्टिक्सही लागतं. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी सगळीकडे सक्तीचे नसतात, पण २०१५ पासून एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, त्यांचा स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे ते केलेले बरे. हे सगळं मिळून पन्नासेक क्रेडिट होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इंग्रजीचे दोन कोर्स आपले लोक हमखास विसरतात. इंग्रजी माध्यमात शिकलो, दहा वर्षं इंग्रजीत काम केलं, मग हे कशाला, असं वाटतं. पण ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकावर) तो कोर्स दिसावा लागतो. पहिल्याच सेमिस्टरला तो उरकून टाका.

बारावीला पीसीबी होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स, केमिस्ट्रीही होतं. ते धरत नाहीत का?

बारावी इथे हायस्कूल समजली जाते, त्यामुळे ती धरत नाहीत. इंजिनिअरिंगचे विषय पदवीच्या पातळीवरचे असले तरी ते परदेशी विद्यापीठात झालेले असतात. एम.डी. शाळांचा सामाईक अर्ज अ‍ॅमकॅसमार्फत जातो आणि अ‍ॅमकॅस परदेशी ट्रान्सक्रिप्ट तपासत नाही. तुम्ही त्या शिक्षणाची नोंद करता, पण ते गुण जीपीएमध्ये (गुणांच्या सरासरीत) येत नाहीत. एखाद्या अमेरिकन विद्यापीठाने ती क्रेडिट आपल्याकडे रीतसर ट्रान्सफर करून घेतली असतील, तर गोष्ट वेगळी. तरीही बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हे अमेरिकेत किंवा कॅनडातच केलेले असावेत अशी अट बऱ्याच शाळा घालतात. थोडक्यात, विज्ञानाचे विषय पुन्हा पहिल्यापासून करायचे आहेत असं धरूनच चाला.

९० क्रेडिटची अट म्हणजे काय? मला ती लागू होते का?

भारतीय पदवीधरांसाठी या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. बऱ्याच मेडिकल स्कूल म्हणतात की उमेदवाराकडे अमेरिकन किंवा कॅनेडियन बॅचलर्स पदवी हवी, किंवा निदान तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतले ९० सेमिस्टर क्रेडिट हवेत. आता वरचा आकडा आठवा. लागणारे सगळे विषय केले तरी होतात पन्नासेक. म्हणजे दोन वर्षं घासून, सगळीकडे 'ए' मिळवूनही अशा शाळांत तुमचा अर्ज अटीतच बसत नाही. तो वाचलाही जात नाही.

अमेरिकेत एम.एस. केलं असेल तर काही शाळा ते पुरेसं मानतात. काही शाळा एम.एस.ची क्रेडिट या ९० मध्ये धरतात, तर काही ठामपणे नाही म्हणतात, कारण त्यांना बॅचलर्स पातळीचेच कोर्स हवे असतात. या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबू नका. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा एमएसएआर नावाचा डेटाबेस आहे. वर्षाचं थोडं शुल्क भरलं की प्रत्येक एम.डी. शाळेच्या अटी तिथे वाचता येतात. डी.ओ. शाळांसाठी चूझ डीओ एक्सप्लोरर आहे. जिथे अर्ज करण्याची खरोखर शक्यता आहे अशा वीसेक शाळांची यादी करा आणि तिच्यातल्या किती शाळा तुमची पदवी आहे तशी स्वीकारतात ते मोजा. तो आकडा पाहिल्यावर विद्यापीठाचा निम्मा निर्णय झालेला असतो.

म्हणजे दुसरी बॅचलर्स करायची? एवढी वर्षं परत?

ऐकायला जड वाटतं, पण बऱ्याच जणांसाठी हाच शहाणपणाचा रस्ता आहे, आणि वर्षं वाटतात तेवढी लागत नाहीत. तुमच्या बी.ई.चं किंवा बी.एस्सी.चं डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून कोर्सवार मूल्यमापन करून घेतलं, तर अनेक सरकारी विद्यापीठं त्यातली बरीच क्रेडिट सामान्य शिक्षण आणि ऐच्छिक विषयांच्या खात्यात घेतात. पदवी देण्यासाठी बहुतेक विद्यापीठांना किमान ३० क्रेडिट स्वतःकडे केलेली हवी असतात. तुम्हाला पन्नास तर करायचीच आहेत! बायोलॉजीसारखा विषय मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून घेतला तर मेडिकलसाठीचे कोर्स आणि मेजरचे कोर्स बरेचसे तेच असतात. वर सहा-आठ कोर्स जास्तीचे करून हातात अमेरिकन बॅचलर्स येते आणि ९० क्रेडिटचा प्रश्न बहुतेक ठिकाणी मिटतो.

याचे आणखी दोन फायदे आहेत. पदवीसाठी नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला कोर्सची नोंदणी आधी करता येते. पदवीविना शिकणाऱ्याला शेवटी करता येते, आणि तोवर ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या जागा संपलेल्या असतात. दुसरा फायदा व्हिसाचा, तो पुढे येतो.

पण सगळीच सरकारी विद्यापीठं दुसऱ्या बॅचलर्ससाठी प्रवेश देत नाहीत. जिथे जागांसाठी रेटारेटी आहे, तिथे पहिली पदवी घेणाऱ्यांना प्राधान्य असतं. म्हणून प्रवेश कार्यालयाला पहिला प्रश्न हाच विचारा. तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. असेल तर ती पूर्ण बॅचलर्स धरतात की नाही, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारून घ्या.

ब्रिन मॉर, गाउचर, कोलंबिया अशी नावं ऐकतो. हे पोस्ट-बॅक कार्यक्रम कसे असतात?

पदवीनंतर मेडिकलच्या आधीचे विषय करून घेणारे, करिअर बदलणाऱ्यांसाठी मुद्दाम आखलेले हे कार्यक्रम आहेत. पेनसिल्व्हेनियातलं ब्रिन मॉर, मेरीलँडमधलं गाउचर आणि जॉन्स हॉपकिन्स, कॅलिफोर्नियातलं स्क्रिप्स ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. छोटी तुकडी, पूर्णवेळ अभ्यास, जवळपास वर्षभरात सगळं विज्ञान आणि हाताशी चांगलं मार्गदर्शन. (ब्रिन मॉर हे महिलांचं कॉलेज असलं तरी त्यांचा पोस्ट-बॅक सगळ्यांसाठी खुला आहे. नवरे मंडळी उगीच ते यादीतून वगळतात.) न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाचा कार्यक्रम १९५५ पासूनचा, देशातला सगळ्यात जुना. तो मोठा आहे आणि तिथे आपल्या गतीने शिकता येतं. हार्वर्ड एक्स्टेंशनचे वर्ग संध्याकाळी भरतात आणि त्यांची फी या सगळ्यांच्या मानाने बरीच कमी आहे.

काही कार्यक्रमांचा ठरावीक मेडिकल स्कूलशी 'लिंकेज' करार असतो. ठरलेले गुण मिळवले तर मधलं अर्जाचं वर्ष न घालवता थेट प्रवेशाची संधी मिळते. वय तिशीच्या पुढे असेल तर एक वर्ष वाचणं ही मोठी गोष्ट आहे.

माझं मत विचाराल तर, ज्यांच्याकडे अमेरिकन बॅचलर्स आणि ग्रीन कार्ड दोन्ही आहे, त्यांना हे कार्यक्रम उत्तम. फक्त भारतीय पदवी असणाऱ्यांनी मात्र आधी ९० क्रेडिटचा हिशेब मांडावा. महागडं वर्ष पूर्ण करूनही क्रेडिट तीस-चाळीसच पडतात. शिवाय विज्ञानाचे विषय आधी झालेल्यांना यातले काही कार्यक्रम घेत नाहीत. भारतातले विषय ते कसे धरतात, हे अर्ज करण्याआधी विचारा.

कम्युनिटी कॉलेजमधून केलं तर कमी लेखतात का?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, स्वस्त स्थानिक सरकारी कॉलेज. काही मेडिकल स्कूल चार वर्षांच्या विद्यापीठातल्या कोर्सना झुकतं माप देतात, काहींना फरक पडत नाही. सगळंच्या सगळं विज्ञान तिथून करू नये, असं मला वाटतं. पण सुरुवात करायला ही फार चांगली जागा आहे. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात. डी अ‍ॅन्झा, फूटहिल, ओलोनी ही कॉलेजं बे एरियातल्या आपल्या वस्त्यांना लागूनच आहेत. इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी आणि केमिस्ट्रीचा पहिला कोर्स तिथे करून पाहा. पंधरा वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसणं जमतंय का, हे कमी पैशांत कळतं. मग ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री आणि वरच्या पातळीची बायोलॉजी मोठ्या विद्यापीठात.

बदलताना एक काळजी घ्या. डी अ‍ॅन्झा आणि फूटहिलमध्ये क्वार्टर पद्धत आहे. तीन क्वार्टर म्हणजे दोन सेमिस्टर, आणि एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश. एखाद्या विषयाचे दोन क्वार्टर करून मध्येच सेमिस्टरच्या विद्यापीठात गेलात तर साखळी तुटते आणि तोच भाग पुन्हा करावा लागतो. विषय संपवूनच हला.

मी एच-फोरवर आहे. शिकू शकते का? आणि मेडिकल स्कूल मला घेईल का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र धरले की माणसं गोत्यात येतात.

शिकता येतं. एच-फोरवर (एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, त्यासाठी एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. एच-वनबी असणाऱ्यालाही नोकरी नियमित चालू ठेवून शिकता येतं. नोकरी सोडून शिकायचं असेल तर एफ-वन लागतो, आणि एफ-वनवर पूर्णवेळ अभ्यास सक्तीचा, म्हणजे बॅचलर्स पातळीवर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट. संध्याकाळचे दोन सुटे कोर्स घेऊन एफ-वन टिकत नाही. पदवीसाठी रीतसर प्रवेश घेण्याचा दुसरा फायदा म्हणालो तो हाच. एफ-टूवर (एफ-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर फक्त अर्धवेळ शिकता येतं.

आता मेडिकल स्कूलचा प्रवेश. इथे स्पष्ट सांगणं भाग आहे, कारण यात घराची बचत आणि आयुष्यातली वर्षं पणाला लागतात. बहुसंख्य सरकारी मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना घेणाऱ्या शाळा थोड्या, बहुतेक खाजगी, आणि त्यातल्या काही सगळ्या वर्षांच्या फीची तजवीज आधीच दाखवायला सांगतात. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून कोर्सला नाव घालण्याआधी घरात बसून दोन तारखा कागदावर मांडा: ग्रीन कार्डचा अंदाज आणि मेडिकलच्या अर्जाचं वर्ष. दोन्हींत फार अंतर असेल तर सावकाश, कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात करा. मात्र विज्ञानाचे कोर्स पाच-दहा वर्षांपेक्षा जुने झाले तर काही शाळा ते मानत नाहीत, आणि एमकॅटचे गुणही साधारण दोन-तीन वर्षंच चालतात. फार लवकर सगळं संपवून बसण्यातही तोटा आहे.

नोकरी सांभाळून, संध्याकाळी किंवा ऑनलाइन जमेल का?

व्याख्यानांचं जमतं. खरा प्रश्न लॅबचा असतो. ऑरगॅनिकची लॅब आठवड्यातून एकदा तीन-चार तासांची, आणि बहुतेक विद्यापीठांत भर दुपारी. विद्यापीठ निवडताना जाहिरात न बघता मागच्या दोन-तीन सेमिस्टरचं वेळापत्रक काढून बघा. ऑरगॅनिकचा दुसरा भाग संध्याकाळी खरंच भरला होता का? का फक्त माहितीपत्रकात छापलाय? ऑनलाइन लॅब कोविडनंतर काही शाळा चालवून घेतात, पण सगळ्या नाही. लॅब प्रत्यक्षच करा.

आणि घाई करू नका. जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिकची दोन, मग बायोकेमिस्ट्री, ही साखळी एकामागून एकच चालते. नोकरी करत असाल तर तीन वर्षं धरा.

माझ्याकडे अमेरिकन एम.एस.चा ३.९ जीपीए आहे. तो उपयोगी पडेल ना?

थोडाफार. अ‍ॅमकॅस ग्रॅज्युएट जीपीए वेगळा दाखवतं, तो बॅचलर्सच्या जीपीएत मिसळत नाही. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जो विज्ञान-जीपीए काढतात, त्यात कॉम्प्युटर सायन्स धरत नाहीत. त्यामुळे भारतीय पदवीधराचा बॅचलर्स पातळीचा जीपीए बहुतांशी या नव्या कोर्सवरच उभा राहतो. इतरांच्या मागे चार वर्षांचे गुण असतात, एखादा 'सी' त्यात बुडून जातो. तुमचा बुडत नाही. कोर्स पुन्हा केला तरी अ‍ॅमकॅस दोन्ही गुण धरतं. म्हणून पहिल्या सेमिस्टरला दोनच विज्ञानाचे कोर्स घ्या, आणि ज्या विद्यापीठात शिकवणीची मदत आणि प्राध्यापकांचे भेटीचे तास खरोखर मिळतात तिथे जा. कठीण नावाजलेल्या ठिकाणी 'बी' मिळवण्यापेक्षा जवळच्या सरकारी विद्यापीठात 'ए' मिळवणं तुमच्या बाबतीत जास्त मोलाचं आहे.

कमिटी लेटर काय असतं?

काही विद्यापीठांत आरोग्यक्षेत्राच्या सल्लागारांची समिती तुमच्याबद्दल एक एकत्रित शिफारसपत्र पाठवते. आखीव पोस्ट-बॅकमध्ये ते बहुधा मिळतं, सुटे कोर्स करणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी नाही. ते नसेल तर प्राध्यापकांची वेगवेगळी पत्रं चालतात. पण त्यासाठी प्राध्यापकाने तुम्हाला ओळखायला हवं. तीनशे जणांच्या वर्गात मागे बसून ते होत नाही.

खर्चाचं काय?

सरकारी कर्ज फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना. पदवी असलेल्याने पुढच्या प्रवेशासाठी केलेल्या तयारीच्या कोर्सना ते सलग बारा महिन्यांपुरतंच मिळतं. दुसऱ्या बॅचलर्ससाठी नियम वेगळे आहेत, ते विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात विचारा. व्हिसावर असाल तर बचत, किंवा इथल्या हमीदारासह खाजगी कर्ज.

पुढचाही विचार आत्ताच करा. २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केलं आहे, आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांसाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. अनेक खाजगी मेडिकल स्कूलचा खर्च याच्या वर जातो. आधीच्या विषयांवर साठ-सत्तर हजार डॉलर घालवावेत की नाही, हे ठरवताना ही मर्यादा डोळ्यासमोर असू द्या.

कोणत्या राज्यात शिकतो याने फरक पडतो का?

खूप. सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्यातल्यांना आधी घेतात. टेक्ससमध्ये तर सरकारी मेडिकल स्कूलमध्ये परराज्यातल्यांना १० टक्क्यांपर्यंतच जागा असतात, आणि तिथली फी देशात कमी समजली जाते. त्या शाळांचा अर्जही अ‍ॅमकॅसऐवजी टीएमडीएसएएस या वेगळ्या व्यवस्थेतून जातो. डॅलस-ह्यूस्टनकडे घर असेल तर पोस्ट-बॅकसाठी दुसऱ्या राज्यात जाऊन रहिवासी असल्याचा हक्क गमावण्याआधी दहादा विचार करा. कॅलिफोर्नियाची गोष्ट उलटी आहे. तिथे चांगल्या उमेदवारांची एवढी गर्दी आहे की बरेच जण शेवटी बाहेरच जातात.

मी अडतीस वर्षांची आहे. उशीर झाला का?

वयाची अट नाही. वेळेचा हिशेब असा: आधीचे विषय दोन-तीन वर्षं, अर्जाचं एक वर्ष, मेडिकल चार वर्षं, रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं पगारी प्रशिक्षण) किमान तीन. म्हणजे पन्नाशीच्या आसपास स्वतंत्र डॉक्टर. हे घरच्यांसमोर आकड्यांत मांडा, मुलांच्या शाळेच्या वर्षांसकट. आणि कोर्सवर पैसे घालण्याआधी हॉस्पिटलमध्ये किंवा हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रात) स्वयंसेवक म्हणून काम करा, डॉक्टरांबरोबर राहून त्यांचं काम पाहा. अर्जात ते लागतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजारी माणसाशेजारी बसणं तुम्हाला भावतं का, ते कळतं. एच-फोरवर काम करण्याचं परवानापत्र नसेल तर पगारी स्क्राइबचं (डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेण्याचं) काम घेऊ नका. विनामोबदला स्वयंसेवा करा.

त्यापेक्षा भारतात परत जाऊन एम.बी.बी.एस. केलं तर?

नीटला २०२२ पासून वरच्या वयाची अट नाही, आणि बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून घेतलेल्यांनाही २०२३ च्या निर्णयाने वाट मोकळी झाली. पण नीटमधली स्पर्धा, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग अमेरिकेत यायचं तर यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा आणि पुन्हा रेसिडेन्सीसाठीची चुरस. भारतातच प्रॅक्टिस करायची असेल तर विचार करण्यासारखं आहे. अमेरिकेत राहायचं पक्कं असेल तर मी हा वळसा सुचवणार नाही.

प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला काय काय विचारू?

लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. भारतीय पदवीवर दुसऱ्या बॅचलर्सला प्रवेश देता का, आणि किती क्रेडिट ट्रान्सफर होतील? माझ्या व्हिसावर फी राज्यातल्या दराने की बाहेरच्या? (कॅलिफोर्नियात एच-फोरवाल्यांना रहिवासी दर मिळू शकतो, बाकी राज्यांचे नियम वेगवेगळे.) जनरल केमिस्ट्रीसाठी गणिताची पात्रता भारतीय मार्कशीटवर मानता की परीक्षा द्यावी लागेल? माझी नोंदणी कोणत्या दिवशी उघडते? सल्लागार आणि कमिटी लेटर मला मिळेल का? आणि करिअर बदलून आलेल्या तुमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मेडिकलला प्रवेश मिळाला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टक्केवारीत आलं तर ती कशातून काढली तेही विचारा. काही ठिकाणी कमी गुणांच्या विद्यार्थ्यांना कमिटी लेटरच देत नाहीत, मग टक्केवारी आपोआप छान दिसते.

मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. चालेल का?

चालतं, पण आधी निस्तरावं लागतं. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही तर मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला मग ही दोन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र काढलं असेल तर त्याची प्रत सोबत जोडा. मेडिकलच्या अर्जात आधीची नावं लिहायला जागा असते, तिथे दोन्ही पूर्ण नावं मार्कशीटवर जशी आहेत तशीच लिहा. २०१४ च्या आधी पुणे विद्यापीठातून बाहेर पडला असाल तर प्रमाणपत्रावर जुनं नाव असेल आणि नवं ट्रान्सक्रिप्ट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नावाने येईल. ही एकच संस्था आहे, असं अर्जासोबत एका ओळीत कळवा. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायला वेळ लागतो. भारतात जाणार असाल तेव्हाच दोन-तीन जास्तीचे संच मागवून ठेवा, आणि पाकिटांची सील फोडू नका.